गोव्यातल्या गावात घर केलंत, आता कचऱ्याचं बघा

नोकरीनिमित्त किंवा निवृत्तीनंतर पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या बाजूच्या गावात राहायला आलेला माणूस पहिल्या दोन-चार दिवसांत शेजाऱ्याला हमखास विचारतो, "कचऱ्याची गाडी कधी येते हो?" शेजारी सांगतो, "येते की, शुक्रवारी." पाहुण्याचा पुढचा प्रश्न असतो, "आणि ओल्या कचऱ्याची?" यावर शेजारी नुसता बघत राहतो. घरामागे एवढं परस असताना ओला कचरा गाडीत कशाला घालायचा, हेच त्याला उमगत नाही.

बऱ्याच पंचायती घरोघरचा फक्त सुका कचरा उचलतात, तोही आठवड्यातून एक-दोनदा. शहरातल्यासारखी सगळं एका पिशवीत कोंबून दाराबाहेर ठेवायची सवय इथे चालत नाही. ठेवलीच, तर सकाळपर्यंत कुत्र्यांनी ती वाड्यावर, म्हणजे आसपासच्या वस्तीत, पसरलेली असते आणि उरलेली पिशवी एखाद्या गाईच्या पोटात गेलेली असते. म्हणून धोरण एकच ठेवायचं. ओलं आवारात जिरवायचं, सुकं कोरडं ठेवून गाडीला द्यायचं, आणि दोघांची गाठ पडू द्यायची नाही. दुसरं म्हणजे, कचऱ्याची खरी परीक्षा जूनमध्ये होते. चार महिने धो-धो पाऊस, हवेत ओल, काही वाळत नाही. त्यामुळे इथल्या बऱ्याचशा युक्त्या मे महिन्यातच करून ठेवायच्या असतात.

आधी पंचायतीत जाऊन या

गोव्यात १९१ ग्रामपंचायती आहेत आणि कचरा उचलायची प्रत्येकीची तऱ्हा निराळी. शेजारच्या गावातल्या मित्राने सांगितलेलं तुमच्याकडे लागू पडेलच असं नाही. पंचायत सचिवांना किंवा तुमच्या वाड्याच्या पंचांना गाठून एवढं विचारून घ्या: गाडी आपल्या वाड्यावर कोणत्या वारी, किती वाजता येते, घरापर्यंत येते की नाक्यावर थांबते, काच घेतात का, डायपर, पॅड घेतात का, कचराशुल्क आहे का, आणि ते घरपट्टीबरोबर भरायचं की वेगळं. भाड्याने राहत असाल तर शुल्क कोणी भरायचं ते घरमालकाशी आधीच बोलून ठेवा. नंतर त्यावरून तोंडं वाकडी होतात.

गाडीवरच्या माणसांशी ओळख करून घ्या. काय घेतात आणि काय परत ठेवून जातात, हे पंचायतीच्या फलकापेक्षा त्यांना जास्त नेमकं ठाऊक असतं.

ही गाडी पुढे कुठे जाते तेही माहीत असलेलं बरं. गावच्या सुक्या कचऱ्याची पंचायतीच्या शेडमध्ये निवड होते. ज्याला भाव आहे ते भंगारात जातं, आणि ज्याला कोणी विचारत नाही असे पुडे, पाकिटं, फाटके प्लास्टिकचे तुकडे राज्याबाहेरच्या सिमेंट कारखान्यांत जळण म्हणून पाठवले जातात. जेवणाच्या रश्शाने माखलेलं पाकीट यातल्या कुठल्याच वाटेला लागत नाही. ओल्या कचऱ्यासाठी साळगावला २०१६ पासून मोठा प्रकल्प आहे, तिथे त्यापासून गॅस आणि विजेची निर्मिती होते. दक्षिणेत काकोड्याला तसाच प्रकल्प आहे. पण हे प्रकल्प आहेत म्हणून सत्तरीतल्या घरातली केळीची साल ट्रकात घालून डोंगर ओलांडून न्यायची, यात काही अर्थ नाही. आणि न निवडता साठवत गेलं की काय होतं ते मडगावच्या सोनसोडोवर सगळ्या गोव्याने पाहिलं आहे. २०१९ मध्ये त्या ढिगाला लागलेली आग किती तरी दिवस धुमसत होती.

घरात चार जागा

२०१६ च्या घनकचरा नियमांनुसार घरातच ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करायचे असत. मी म्हणेन, चार करा. पॅड, डायपर, बँडेज यांचा डबा वेगळा ठेवा, कारण ते हाताने निवडणाऱ्या बाईचे हात तुमच्या-आमच्यासारखेच असतात.

ओट्याजवळ ओल्यासाठी झाकणाचा छोटा डबा. त्याला प्लास्टिकची पिशवी लावायची नाही. तळाला वर्तमानपत्राचा तुकडा घाला, डबा रोज रिकामा करा आणि धुवून पालथा ठेवा. सुक्यासाठी पडवीत तीन पोती अडकवा: एक कागद-पुठ्ठ्याचं, एक बाटल्या-डबे-जाड प्लास्टिकचं, एक पाकिटं आणि पुड्यांचं. पॅड-डायपरचा झाकणाचा डबा न्हाणीघरात ठेवा. घातक वस्तूंसाठी मुलांच्या हाताला न लागणाऱ्या फळीवर एक जुना पत्र्याचा डबा पुरतो. तो वर्षभर भरत नाही.

चिऱ्यांची चौकट आणि पाल्याची पोती

आता खरं काम. गावातल्या घराच्या कचऱ्यात वजनाने सर्वांत जास्त भरतं ते ओलं: भाजीची देठं, नारळाचा चोथा, फणसाचं चारखंड, मासळीची खवलं, उष्टं-खरकटं. यातलं जवळजवळ सगळं परसात जिरतं.

पुस्तकात वाचून खड्डा खणू नका. जांभ्या जमिनीत खणलेला खड्डा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात विहिरीसारखा भरतो आणि त्यातलं सगळं कुजण्याऐवजी सडतं. जमिनीवर चौकट करा. जांभ्याचे चिरे सगळीकडे मिळतात. बांधकामावरचे तुटके चिरे कोणी फुकटही देतं. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच अशी चौकट सिमेंट न लावता रचा आणि चिऱ्यांमध्ये बोटभर फटी ठेवा, म्हणजे हवा खेळते. यापेक्षा लहान ढीग आतून तापत नाही. पुढच्या बाजूचे चिरे सुटे ठेवा, खत काढताना ते बाजूला घेता येतात. जमलं तर अशा दोन चौकटी शेजारी-शेजारी करा. एक भरत असते, दुसरी मुरत असते.

जागा निवडताना दोन गोष्टी बघा. विहीर जवळ नको, आणि विहिरीच्या वरच्या अंगाला तर मुळीच नको. ढिगातून झिरपणारं काळं पाणी उताराने खाली येतं. दुसरं, छपराच्या पागोळ्या ढिगावर पडता कामा नयेत. चौकटीवर जुना पत्रा तिरका टाकून वर दोन चिरे ठेवा. वाऱ्याने उडालेला पत्रा रात्री शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन पडला की खतापेक्षा मोठा विषय होतो.

तळाला नारळाच्या सोडणांचा (वरच्या काथ्याच्या सालींचा) थर घाला, म्हणजे पाणी निचरतं. त्यावर सुका पाला वीतभर. मग रोज संध्याकाळी ओला डबा रिकामा करायचा आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट सुका पाला वर टाकायचा. ओलं दिसता कामा नये, हा नियम लक्षात ठेवला तरी पुरे. विरजण म्हणून सुरुवातीला शेणकाला किंवा कोणाकडचं जुनं खत दोन पाट्या टाका. बाजारात पावडरी मिळतात. जिथे शेण मिळतं तिथे त्यांची गरज नाही.

पाला कुठला? आंब्याचा, फणसाचा, जांभळाचा, काजूचा, जो असेल तो. काजूचं पान चिवट असतं, पायाखाली तुडवून टाकलं तर लवकर कुजतं. आणि इथेच मे महिन्याचं काम येतं. फेब्रुवारीपासून अंगणात रोज पाला पडतो आणि लोक तो जाळून टाकतात. जूनमध्ये एक सुकं पान शोधून सापडत नाही. तेव्हा तांदळाची रिकामी पोती आणून त्यात पाला दाबून भरा, तोंड बांधा आणि पडवीत किंवा माळ्यावर कोरड्या जागी रचून ठेवा. चार माणसांच्या घराला दहा-बारा पोती असली तर चवथीपर्यंत, म्हणजे गणेश चतुर्थीपर्यंत, ओढाताण होत नाही. सगळ्या लेखातलं एकच करायचं ठरवलंत, तर हे करा. पावसाळ्यात खत बिघडल्याची तक्रार करणाऱ्या दहातल्या नऊ घरांत पाल्याचा साठा नसतो.

सत्तरीत किंवा डोंगराकडच्या गावात असाल तर पाला आपल्या अंगणातलाच गोळा करा, जानेवारी ते मेमध्ये रानात शिरून आणू नका. २०१५-१६ च्या सुमाराला सत्तरीत माकडतापाचे रुग्ण सापडले, आणि तो रानातल्या गोचिडींमुळे पसरतो. काजूच्या बागेत काम करणारे लोकही हात-पाय झाकूनच जातात.

ढीग आठ-दहा दिवसांनी खालवर करा. मूठभर घेऊन घट्ट पिळला तर बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा, इतपत ओल हवी. घाण वास सुटला तर ओल जास्त झाली आहे, पाला घाला आणि हलवा. मुंग्या लागल्या तर फार कोरडं झालं आहे, कपडे धुतल्याचं नव्हे, तांदूळ धुतल्याचं पाणी शिंपडा. ढिगात करड्या, चपट्या, वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या की नवे लोक घाबरून फिनेल ओततात. ओतू नका. त्या एका काळ्या माशीच्या अळ्या असतात, ओलं फस्त करायचं काम त्या सगळ्यांत झपाट्याने करतात, आणि ती माशी घरातल्या अन्नावर बसत नाही.

भीती बाळगायची तर ती जनावराची. ढिगात ऊब असते, ऊब म्हटल्यावर उंदीर येतात, उंदरांमागे धामण येते, आणि कधी घोणसही. हात घालण्याआधी काठीने ढोसा, पायात गमबूट घाला, अंधारात बॅटरीशिवाय डबा रिकामा करायला जाऊ नका. शिजवलेलं मांस आणि तेलकट उरलंसुरलं ढिगात टाकलं नाही तर उंदीरही कमी होतात. शिळ्या भाताला शेजारची कोंबडी, डुकरं किंवा गुरं असतात. फक्त विचारून द्या, आणि पिशवीतून नको, भांड्यातून.

उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत खत होतं, पावसाळ्यात जास्त वेळ लागतो. आत काय काय टाकलं होतं ते ओळखता येईनासं झालं आणि मातीसारखा वास आला की झालं. चाळून वापरा, जाड राहिलेलं परत नव्या ढिगात.

गावातही आता इमारती झाल्या आहेत. तिथे फ्लॅटमध्ये असाल तर तळाला भोकं पाडलेल्या तीन मातीच्या कुंड्या एकावर एक ठेवून हेच लहान प्रमाणात करता येतं. पाल्याऐवजी नारळाचा भुसा चालतो. इमारतीतल्या सगळ्यांनी मिळून आवारात एक चौकट केली तर उत्तमच, पण ती हलवायची पाळी कोणाची ते आधी ठरवा.

मासळीचं

खवलं, कल्ले, आतडी, सुंगटांची (कोळंबीची) सालं ढिगात टाकली की मांजरं आणि कुत्री चौकट उचकटतात. त्यासाठी माडाचं आळं. बुंध्यापासून दोन-तीन फूट सोडून दीड हात खोल खड्डा घ्या, मासळीचं टाका, वर चुलीतली राख मूठभर, मग माती, आणि मातीवर एक चिरा. चिरा विसरलात तर मध्यरात्री कुत्रा खणतो आणि सकाळी ते सगळं तुमच्या पायरीवर असतं. पुढच्या वेळी त्याच आळ्यात पुढची जागा. असं फिरत-फिरत माडाभोवती एक फेरी पुरी होईपर्यंत पहिल्या जागेत काही उरलेलं नसतं. मासळी धुतलेलं पाणी माडाला नाहीतर कढीपत्त्याला.

तिसऱ्यांचे, खुब्यांचे शिंपले मात्र कुजत नाहीत. ढिगात टाकले तर खत काढताना हात कापतात. ते वेगळे साठवून परसातल्या चिखलाच्या वाटेवर पसरा. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात, त्या दिवसांत हे काम तसंही हलकं होतं.

माडाचा कचरा कचरा नसतो

झावळ्या, सोडणं, करवंट्या, पिशे बघून नवा माणूस हबकतो आणि पंचायतीला फोन करतो. पंचायत हे उचलत नाही, उचलूही नये. झावळीचे हीर काढून खराटा होतो, उरलेलं न्हाणीघरातल्या चुलीला. तुमच्याकडे चूल नसेल तर वाड्यावर कोणाकडे तरी असतेच, कुंपणावर रचून ठेवा आणि न्यायला सांगा. सोडणं माडाच्या आळ्यात पुरतात. खालच्या थरांना खोलगट बाजू वर ठेवायची म्हणजे पाणी धरून राहतं, सगळ्यांत वरचा थर पालथा.

करवंट्या उघड्यावर उताण्या टाकू नका. पहिल्या पावसात प्रत्येक करवंटीत घोटभर पाणी साचतं आणि आठवड्याभरात त्यात डेंग्यूच्या डासांची पैदास होते. बाटल्यांची झाकणं, जुने टायर, फुटक्या बादल्या, कुंडीखालच्या बशा, सगळ्यांना हेच लागू. आठवड्यातून एक वार ठरवून आवारात चक्कर मारा आणि साचलेलं दिसेल ते ओतून टाका.

सुकं म्हणजे खरोखर सुकं

दुधाच्या पिशवीपासून सुरुवात करा, कारण ती रोज येते. कोपरा पूर्ण कापून वेगळा करू नका, अर्धवट चिरा, म्हणजे तो तुकडा पिशवीलाच लटकत राहतो. सुटलेले ते चिमुकले त्रिकोण कुठल्याच पोत्यात टिकत नाहीत. मोरीतून गटारात, तिथून ओहोळात, आणि भरतीबरोबर खाजन, म्हणजे खाडीकाठच्या, शेतात जातात. दूध ओतल्यावर पिशवीत थोडं पाणी घालून हलवा, ते झाडाला घाला, पिशवी उभी कापून उघडा आणि कपड्याच्या दोरीवर चिमट्याने लावा. वेफर-बिस्किटांचे पुडे, तेलाच्या पिशव्या, पिठाची पाकिटं यांचंही तेच. तेलाच्या पिशवीत आधी चमचाभर पीठ फिरवलं की तेल पुसलं जातं आणि ते पीठ भाकरीला चालतं. यासाठी वेगळं पाणी वाया घालवायची गरज नाही, भांड्यांचं शेवटचं पाणी पुरतं.

पावसाळ्यात काही वाळत नाही, ही अडचण खरी आहे. स्वयंपाकघरात चुलीच्या किंवा गॅसच्या बाजूच्या भिंतीवर, आगीपासून लांब, एक दोरी बांधा. पुठ्ठे आणि रद्दी मे संपण्याआधी विकून मोकळे व्हा. जुलैपर्यंत त्यांना बुरशी येते आणि वाळवी लागली तर ती दाराच्या चौकटीकडेही बघते. आडगावात पावसात भंगारवाल्याच्या फेऱ्याही कमी होतात. तो लोखंड, ॲल्युमिनियम, पुठ्ठा, पाण्याच्या बाटल्या, जाड प्लास्टिक घेतो. पुड्यांकडे तो बघत नाही, ते पंचायतीच्या गाडीला.

काचेची बाटली ही गोव्यातली खास बाब. बियरच्या अख्ख्या बाटल्या भंगारवाला घेतो. बाकीच्या चांगल्या बाटल्या घरात ठेवा, धुवून, वाळवून, बूच लावून. मार्च ते मेमध्ये उर्राक (काजूची हलकी दारू) भरायला, मग कोकमाचं आगळ, खोबरेल, मध, व्हिनेगर, कशालाही त्या लागतात. तुम्हाला नको असतील तर आगळ किंवा फेणी काढणाऱ्या घरी विचारून पाहा, खुशीने नेतील. फुटलेली काच मात्र जाड कागदात गुंडाळून वर मोठ्या अक्षरांत 'काच' लिहून गाडीवरच्या माणसाच्या हातात द्या. पिकनिकवाल्यांनी शेताच्या बांधावर फोडलेल्या बाटल्यांनी लावणीच्या वेळी अनवाणी पायांचं काय होतं ते कुणाही शेतकऱ्याला विचारा. त्यावर माझं मत छापण्याजोगं नाही.

घातक आणि नाजूक

हे थोडक्यात. जुनी इन्व्हर्टरची किंवा गाडीची बॅटरी नवी घेताना दुकानदाराला परत द्या, पैसे वळते करून मिळतात. बंद मोबाइल, चार्जर, वायरी, छोटे सेल साठवून पंचायत किंवा ई-कचरा घेणारा येईल तेव्हा द्या. जुन्या ट्यूबलाइट आणि सीएफएल दिव्यांत पारा असतो, फोडू नका, पुठ्ठ्याच्या वेष्टनात उभ्या ठेवा. पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून बाहेरून लाल खूण करा. संडासात टाकले तर सेप्टिक टाकी तुंबते, आणि गावात टाकी उपसायला गाडी मिळवणं हा स्वतंत्र उद्योग आहे. कीटकनाशकाच्या बाटल्या धुवून पुन्हा वापरण्याचा मोह कुठल्याही कारणासाठी नको.

जाळायचं नाही

संध्याकाळी अंगणात पाला पेटवायची आणि त्यातच दोन प्लास्टिकच्या पिशव्या टाकायची सवय गावोगाव आहे. प्लास्टिक, विशेषतः पीव्हीसी, उघड्यावर जळताना डायॉक्सिनसारखे विषारी घटक निघतात, आणि ते धुरातून, राखेतून परत आपल्याच परसातल्या भाजीवर बसतात. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपये दंड ठरवून दिला आहे.

पण नव्याने आलेल्या माणसाने शेजारच्या म्हाताऱ्या बाईला हरित लवाद ऐकवायला जाऊ नये. त्यापेक्षा पोतं घेऊन जा आणि म्हणा, "काकी, पाला जाळू नका, मला द्या. मला खताला हवाय." तिचं झाडलोटीचं काम हलकं होतं, तुमची दहा-बारा पोती भरतात. पुढच्या वर्षी थोडं खत तिच्या मोगऱ्याला नेऊन दिलंत की विषय संपला.

घरात येतं तेच कमी

गावात हे शहरापेक्षा सोपं आहे. पदेर, म्हणजे पाववाला, सकाळी दारात भोंपू वाजवतो, त्याच्यापुढे कापडी पिशवी किंवा टोपली धरा. मासळीवालीकडे झाकणाचा स्टीलचा डबा न्या. पहिल्या दिवशी ती हसेल, दुसऱ्या दिवसापासून ती तुमच्या डब्याचं माप ओळखेल. म्हापशाच्या शुक्रवारच्या किंवा डिचोलीच्या बुधवारच्या बाजाराला जाताना दोन कापडी पिशव्या आणि ओल्या भाजीसाठी एक जाळीची पिशवी गाडीत कायमची ठेवा. १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक पिशव्यांवर २०२२ च्या अखेरीपासून देशभर बंदी आहे. बाजारात त्या अजून मिळतात हा भाग वेगळा. आपण घेतली नाही तर आपल्या पोत्यात येत नाही, एवढं आपल्या हातात असतं.

मे महिन्यात पुरुमेंताची खरेदी होते: सुकी मासळी, मिरच्या, कोकम, चिंच, उकडा तांदूळ, खोबरं. नव्या लोकांनी ही सवय जरूर उचलावी. चार महिन्यांचं सामान एकदम, पोत्यात आणि बरणीत येतं, म्हणजे छोटे पुडे घरात शिरतच नाहीत. बरण्या आधी उन्हात कडक वाळवून घ्या, नाहीतर ऑगस्टमध्ये मिरच्यांना बुरशी येऊन सगळंच खताच्या चौकटीत जाईल.

चवथ, नरकासुर आणि घरची कार्यं

चवथीला गणपतीवर माटोळी बांधतात. ती सगळी फळं, कंद, रानातले घोस यांची असते, त्यामुळे विसर्जनानंतर खाण्याजोगं खाऊन उरलेलं थेट चौकटीत जातं. पूर्वी ती केवणीच्या सालीने बांधत, ती साल फळांबरोबर कुजून जायची. आता पुष्कळ ठिकाणी नायलॉनचा धागा किंवा तार असते. खतात टाकण्याआधी एकेक घोस हातात घेऊन तार सोडवा. राहिलेली तार सहा महिन्यांनी मिरचीच्या वाफ्यात खुरप्याला अडकते. निर्माल्य नदीत पिशवीसकट सोडू नका, फुलं चौकटीत, पिशवी पोत्यात. मूर्ती चिकणमातीचीच घ्या. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना गोव्यात बंदी आहे, पण विकत घेताना नखाने तळ खरवडून बघितलेलं बरं.

दिवाळीच्या पहाटे नरकासुराचा पुतळा जळतो आणि दुसऱ्या दिवशी त्याचा लोखंडी सांगाडा रस्त्याकडेला पडून राहतो. वाड्यावरची मुलं वर्गणी मागायला येतील तेव्हाच सांगा: थर्माकोल नको, आणि सांगाडा पुढच्या वर्षासाठी परत नेणार असाल तर वर्गणी जास्त. हा सौदा मुलांना पटतो.

घरी सत्यनारायण किंवा बारसं असेल तर कागदी म्हणून विकल्या जाणाऱ्या चकचकीत ताटल्या घेऊ नका. त्यांच्यावर प्लास्टिकचा पापुद्रा असतो, त्या कुजतही नाहीत आणि भंगारातही जात नाहीत. केळीचं पान, पत्रावळ, पोफळीच्या विरीच्या ताटल्या घ्या, नाहीतर मांडववाल्याकडून स्टीलची ताटं भाड्याने आणा. ताटं धुणाऱ्या बायकांची मजुरी धरूनही मोठ्या पंगतीला हिशेब फारसा वर जात नाही.

गावच्या शिवेवरचा ढीग

प्रत्येक गावाच्या शिवेवर, वळणावर किंवा पुलाजवळ एक ढीग असतो. नवा माणूस समजतो की कचरा टाकायची जागा हीच. ती जागा नव्हे. रात्री गाडीतून जाता-जाता पिशव्या भिरकावणाऱ्यांनी ती तयार केलेली असते. तिथे एक पिशवीसुद्धा टाकू नका. नव्या घराकडे गावाचं लक्ष असतं आणि पिशवीतल्या कुरिअरच्या पुड्यावर तुमचं नाव छापलेलं असतं.

हा ढीग हलवायचा तर पंचायतीकडे लेखी अर्ज द्या, तारखेसह फोटो जोडा आणि शिक्का मारलेली पोच घ्या. नुसत्या फोनची कुठे नोंद राहत नाही. तेवढ्याने काही झालं नाही तर ग्रामसभा आहे. पंचायत राज कायद्याप्रमाणे जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये रविवारी ती भरते, तारखेची नोटीस पंचायतीच्या फलकावर लागते. प्रश्न नुसता "कचरा झालाय" असा विचारू नका. "अमुक वळणावरची जागा साफ करून तिथे दिवा आणि कॅमेरा कधी बसवणार, आणि आमच्या वाड्यावर गाडी आठवड्यातून दोनदा कधीपासून येणार" असा विचारा, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा. ग्रामसभेचं सदस्यत्व गावच्या मतदारयादीवर अवलंबून असतं, तेव्हा नाव अजून जुन्याच गावी असेल तर ते इकडे आणायचा अर्ज भरा. तोपर्यंत तुमच्या वाड्याच्या पंचांच्या हाती प्रश्न लिहून द्या.